पिंपळखुटे बाबूंची खाज

शरच्चंद्र पिंपळखुटे यांच्या मानेला पहिली खाज सुटली ती कचेरीत, आणि तीही बडे बाबू समोर उभं राहून बोलत असताना. बडे बाबू भाऊराव सोनटक्के सहसा उभे राहत नसत. ते उभे राहिले की समजायचं, नागपुराहून कागद आला आहे. मध्यप्रांताचं राज्य नागपुरातून चालायचं आणि जबलपूरच्या कारकुनाचं बरंवाईट तिकडच्या कुणाच्या तरी लेखणीच्या टोकाला लोंबकळत असायचं.

"पिंपळखुटे, तुमची जागा पक्की होऊन राहिली," भाऊराव म्हणाले. "दहा वर्षं टेंपरवारी काढली बाप्पा तुम्ही. आता फक्त सिव्हिल सर्जनचं सर्टिफिकेट. महिनाअखेरीला तपासणी आहे. अंगात रोग नाही, लागट रोग तर नाहीच नाही, इतकं साहेबानं लिहून दिलं की सुटलात."

"आणि नाही लिहून दिलं तर?"

"मग टेंपरवारीही जाते ना जी. रोगी माणसाला सरकार काहून ठेवून घेईल?"

नेमक्या त्याच क्षणी मानेच्या मागे, शर्टाच्या पट्टीखाली, खाज सुटली. साधीसुधी नव्हे, हात न्यायलाच लावणारी. आता वरिष्ठ अधिकारी 'रोग' हा शब्द उच्चारत असताना मान खाजवणं कोणत्याही कारकुनाला शोभलं नसतं. शरच्चंद्रांनी डोकं मागे टाकलं आणि छताकडे बघत मान पट्टीवर हळूहळू घासली. भाऊरावांना वाटलं, बिचारा देवाचे आभार मानून राहिला. त्यांनी पाठीवर थाप मारली, ती खाजेच्या इंचभर खाली पडली, नाही तर तेवढ्यात खाजेचंही काम झालं असतं.

घरी येईपर्यंत कमरेलाही खाज सुटली होती, उजव्या बाजूला, धोतर खोचतात तिथे. त्यांच्या पत्नीनं, भानुमतीबाईंनी, चिमणीच्या उजेडात मान पाहिली आणि "लाल झाली आहे, डास असेल," असा निकाल दिला. दुसरा कुणी असता तर डासावर समाधान मानून जेवायला बसला असता. पण शरच्चंद्रांचा स्वभाव तसा नव्हता. कोणत्याही गोष्टीच्या मुळाशी गेल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. मागे एकदा घरातला कंदील भडकायला लागला होता. त्यांनी तो उघडून भडकण्याचं कारण शोधून काढलं. कारण अगदी अचूक निघालं, मात्र कंदील पुन्हा जोडला गेला नाही आणि तेव्हापासून घरात चिमणी होती.

"इलाज मागून," ते म्हणाले. "आधी कारण. कारण माहीत नसताना साहेबासमोर उभं राहायचं आणि त्यानं काही विचारलं तर काय सांगायचं?"

"जेवा आधी," भानुमतीबाई म्हणाल्या.

लॉर्डगंजातल्या त्या वाड्यावजा चाळीत सगळ्यांचं अंगण एकच होतं. त्यामुळे एकाची खाज ही एकाची राहणं शक्य नव्हतं. सकाळी शरच्चंद्र नळावर मान मागे करून धार घेत होते, ती शेजारच्या रामकृष्ण मास्तरांनी पाहिली. मास्तर शाळेतून निवृत्त झाले होते पण शिकवायचे थांबले नव्हते.

"पित्त," मास्तर म्हणाले. "वांगं बंद, उडीद बंद, चहा बंद."

"चहासुद्धा?"

"चहा तर मूळ आहे सगळ्याचं."

समोरच्या खोल्यांत तिवारीजी राहत. त्यांचं गोलबाजारात दुकान होतं आणि जगातल्या प्रत्येक रोगाविषयी त्यांचं एकच मत होतं. "खून खराब है, बाबूजी," ते दातण थुंकून म्हणाले. "चिरायता पियो. और सुनो, धोबी बदलो. आपका कुर्ता किस-किसके कुर्ते के संग भट्टी चढ़ता है, कुछ पता है? किसी कोढ़ी का, किसी खाजवाले का!"

कोढी, म्हणजे महारोगी, हा शब्द ऐकताच अंगणात धुणं वाळत घालणाऱ्या बायकांचे हात थांबले. शरच्चंद्रांना एकदम पटलं. महिन्याच्या सुरुवातीलाच त्यांनी चार नवे शर्ट आणि दोन नवी धोतरं पहिल्या धुलाईला हनुमानतालच्या धोब्याकडे दिली होती. आणि ते कपडे अंगावर आल्यापासूनच तर हे सुरू झालं होतं! कारण सापडलं. इतक्या लवकर कारण सापडल्याचं त्यांना थोडं वाईटही वाटलं.

हनुमानतालच्या धोब्याला निरोप गेला आणि तिवारीजींनी सुचवलेला घमापूरचा धोबी दारात उभा राहिला. त्यानं एक-एक शर्ट उलटा करून मानेच्या पट्टीवर जुन्या धोब्याची खूण पाहिली, तोंड वाकडं केलं आणि गाठोडं बांधून घेऊन गेला. कपडे आले ते पांढरेशुभ्र, कडक, आणि प्रत्येकावर जुन्या खुणेशेजारी त्याची स्वतःची काळीभोर खूण, गोल आणि त्यात ठिपका. परक्याची खूण आपल्या भट्टीत कोण चालवून घेईल? शरच्चंद्रांनी ताजा शर्ट चढवला आणि मोठ्या विश्वासानं कचेरी गाठली. दुपारपर्यंत खाज दुप्पट झाली.

चिरायत्याचा, म्हणजे आपल्या काडेचिराइताचा, काढा त्यांनी तरीही नेमानं घेतला. चिरायता किती कडू असतो हे ज्यांनी घेतला आहे त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी घेतला नाही त्यांना सांगून कळणार नाही. चहा बंद, वांगं बंद, आणि वर चिरायता, अशा स्थितीत माणसाचा स्वभाव बिघडतो. शरच्चंद्रांनी त्या आठवड्यात कचेरीतल्या तीन मसुद्यांवर "सबब नामंजूर" असं लिहिलं. त्यांतला एक मसुदा त्यांच्याच रजेचा होता.

शेवटी ते डॉक्टर घोषालांकडे गेले. घोषालबाबूंचा दवाखाना फुहाऱ्याच्या, म्हणजे कारंज्याच्या चौकात होता आणि बोलायला मिळालं तर ते फी घ्यायला विसरत, अशी त्यांची ख्याती होती.

"खुजली रोग नहीं है, बाबू. खबर है," घोषाल म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढून बसले. "शरीर आपको बोल रहा है, देखो, कुछ हुआ है. क्या हुआ, वो नहीं बोलता. वो आपको ढूँढना है."

हे वाक्य शरच्चंद्रांच्या काळजात जाऊन बसलं. आजवर भेटलेल्या माणसांत शोधायला सांगणारा हा पहिलाच. मग डॉक्टरांनी तासभर समजावून दिलं. खाज बाहेरून येते किंवा आतून येते. बाहेरून म्हणजे खरूज, नायटा, उवा, ढेकूण, थंडीतलं कोरडं कातडं, नाही तर कातड्याला न मानवणारी एखादी वस्तू. आतून म्हणजे यकृत बिघडलं, कावीळ झाली, मूत्रपिंड थकलं, रक्त कमी झालं, लघवीतून साखर जायला लागली. आणि हे काहीच नसेल तर मन. चिंतेनंसुद्धा अंग खाजतं.

"खरूज होगी?" शरच्चंद्रांनी विचारलं.

"रात को ज़्यादा खुजलाता है? उँगलियों के बीच? पत्नी को भी है?"

तिन्हींना उत्तर नाही असं होतं. रात्री घरीच धुतलेली जुनी पैरण आणि पंचा घालून ते निवांत झोपत. खाज दिवसा होती, कचेरीत होती, आणि एकट्या त्यांनाच होती.

"तो खरूज नहीं. पेशाब लाइए, शक्कर देखेंगे. और सोचिए, उस जगह को क्या छूता है."

शरच्चंद्रांनी पहिली सूचना मनावर घेतली आणि दुसरी विसरले. माणसाचं असंच होतं. शिशी न्यायची म्हणजे काहीतरी करायचं असतं, विचार करायचा म्हणजे नुसतं बसायचं असतं. त्यांनी फडताळातली एक रिकामी बाटली घेतली, काम उरकलं आणि बाटली अंगणाच्या भिंतीशी ठेवून कोट घालायला आत गेले. बाहेर आले तर रामकृष्ण मास्तर बाटलीपाशी उकिडवे बसलेले.

"शरच्चंद्र," मास्तर हलक्या आवाजात म्हणाले, "मुंग्या."

बाटलीला खालपासून वरपर्यंत मुंग्यांची रांग लागली होती. त्या काळी मधुमेह ओळखायला दवाखान्याची गरज नसे, मुंग्या पुरत. अंगणात कळायला वेळ लागला नाही. तिवारीजी भेटायला आले, शेजारच्या बायकांनी भानुमतीबाईंना धीर दिला. शरच्चंद्र खाटेवर बसून राहिले. मधुमेह! म्हणजे अन्फिट. म्हणजे दहा वर्षांची नोकरी गेली, आणि वर गूळही गेला. दोन दिवस त्यांनी भाकरीशी नुसती मेथीची भाजी खाल्ली.

तिसऱ्या दिवशी भानुमतीबाई फडताळ धुंडाळत म्हणाल्या, "अहो, ती मधाची रिकामी बाटली होती ती कुठं गेली? विसळून ठेवायची राहिली होती."

घोषालबाबू पोटभर हसले. नव्या, उकळून घेतलेल्या बाटलीत साखरेचा लवलेश निघाला नाही. डोळे पिवळे नव्हते, यकृत जागेवर होतं, नाडी उत्तम होती. "आप भीतर से एकदम ठीक हैं," डॉक्टरांनी सांगितलं. शरच्चंद्रांना आनंद झाला, पण खाज आपली होती तिथंच होती.

तपासणी जवळ येत चालली तसे ते इरेला पेटले. तिवारीजींनी मोहरीच्या तेलात गंधक कालवून दिलं, ते त्यांनी मानेला थापलं. गंधकाच्या वासाचं वर्णन न केलेलं बरं. त्यानं शर्ट पिवळे व्हायला लागले, म्हणून रोज नवा शर्ट, म्हणून धोब्याची रोजची फेरी, आणि घमापूरचा धोबी इतक्या तेलकट कपड्यांना भट्टी लावायला तयार होईना. कचेरीत शेजारच्या टेबलावरचा कारकून खिडकीपाशी सरकला. चपराशी फाइली रुळाच्या टोकानं ढकलून द्यायला लागला. एक दिवस भाऊराव लांबूनच म्हणाले, "पिंपळखुटे, तुम्ही व्हरांड्यात बसा ना काही दिवस. हवाही चांगली आहे तिथं."

व्हरांड्यात फिर्यादी बसत. शरच्चंद्र आपलं टेबल घेऊन दोन फिर्यादींच्या मध्ये बसले. शेजारच्या सिहोऱ्याच्या म्हाताऱ्यानं "काहे का मुकदमा है, भैया?" असं आस्थेनं विचारलं तेव्हा त्यांना रडू यायचं बाकी राहिलं. टेंपरवारी असले तरी ते सरकारी नोकर होते. त्यांना फार अपमान वाटला, आणि अपमानानं त्यांचा निश्चय आणखी घट्ट झाला. त्याच संध्याकाळी त्यांनी ठरवलं, खर्च होईल तो होवो, आता कपडे सदर बाजारातल्या धोब्याकडे. सदर बाजारचा तो धोबी सिव्हिल लाईन्समधल्या साहेबांचे कपडे धुवायचा. जो मडमांच्या झग्यांना हात लावतो त्याच्याकडे रोगट कपडे येण्याचा प्रश्नच नव्हता. तो धोबी मोठ्या मेहेरबानीनं आला, दोन्ही जुन्या खुणा पाहून हसला आणि कपडे घेऊन गेला. आले तेव्हा शर्टावर तिसरी खूण होती, सगळ्यांत ठळक, साहेबी. दोन रेघा आणि त्यांना छेद देणारी एक तिरपी.

तपासणीला दोन दिवस उरले असताना शरच्चंद्रांना मान वळवता येईना.

त्या दिवशी दुपारी भानुमतीबाईंनी त्यांना उघड्या अंगानं ओसरीवर पालथं पाडलं आणि ओल्या फडक्यानं गंधकाचं सगळं लेपण पुसून काढलं. खालचं कातडं कित्येक दिवसांत कुणी नीट पाहिलंच नव्हतं. बाई पुसता पुसता थांबल्या.

"हे काय हो?"

"काय?"

"मानेवर दोन रेघा आणि एक तिरपी. उठून आल्या आहेत चांगल्या. आणि इकडं गोल आणि ठिपका." त्यांनी बोटानं दाखवायला हात लावला तसे शरच्चंद्र ओरडले. "थांबा. ओरडून काहून राहिले? हे मी रोज पाहते."

रोज पाहत होत्याच त्या. धोब्याकडून आलेले कपडे खुणेवरून ओळखून घेणं हे काम घरात दुसऱ्या कुणाचं नव्हतं. त्या आत गेल्या, एक शर्ट उलटा करून घेऊन आल्या आणि पट्टी नवऱ्याच्या मानेशेजारी धरली. रेघेला रेघ जुळली. मग धोतराचं टोक कमरेशी धरलं. तिथंही जुळलं.

"बिब्बा उतला बाप्पा तुम्हाला!" भानुमतीबाई शर्ट बाजूला फेकत म्हणाल्या. "धोबी बिब्ब्यानंच तर खूण घालतात. माझ्या माहेरी वर्ध्याला एका बाईचा गाल असाच उतला होता, बिब्बा फोडताना. आणि तुम्ही एकावर एक तीन धोबी केले!"

शरच्चंद्र पालथेच पडून राहिले. घोषालबाबूंचं वाक्य त्यांना आता आठवलं. त्या जागेला काय शिवतं? शर्ट शिवतो. रात्री शर्ट नसतो, म्हणून रात्री खाज नसते. नवे शर्ट आले तेव्हा सुरू झालं, धोबी बदलला तेव्हा दुप्पट झालं, तिसरा आला तेव्हा मान आखडली. सगळं बसत होतं. दुसऱ्या कुणीही इथं थांबून बायकोला शाबासकी दिली असती.

"हा अंदाज झाला," ते उठून बसत म्हणाले. "पुरावा नव्हे."

"आणखी कसला पुरावा पाहिजे?"

"साहेब म्हणेल, ही खरूजच आहे, कशावरून नाही? मग मी काय तुमच्या माहेरच्या बाईचं नाव सांगू?"

आणि ते तडक काष्ठौषधी विकणाऱ्या पंसाऱ्याकडे जाऊन एक ताजा बिब्बा घेऊन आले. भानुमतीबाईंनी हातापाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. शरच्चंद्रांनी सुई टोचून डाव्या हातावर, मनगटाच्या वर, बिब्ब्याचा एक ठिपका दिला, आणि उजव्या हातावर, तुलनेसाठी, कपड्यांच्या खळीचा. दुसऱ्या दिवशी उजवा हात जसाच्या तसा होता. डावा संध्याकाळपर्यंत कोपरापासून मनगटापर्यंत भोपळ्यासारखा फुगला, लाल झाला आणि त्यातून पाणी यायला लागलं. वेदना भयंकर होत्या. शरच्चंद्र आनंदानं अंगणात आले.

"मास्तर, हे पाहा! सिद्ध झालं!"

मास्तरांनी हात पाहिला आणि दोन पावलं मागे सरकले. "आधी एक रोग होता, आता दोन झाले. चहा प्यायला होतात ना?"

तिवारीजींनी मात्र व्यापाऱ्याच्या नजरेनं मुद्द्याचं विचारलं. "बाबूजी, जाँच तो कल है ना? ये हाथ लेकर जाओगे?"

इतका वेळ शरच्चंद्रांच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. कारण शोधायचं ते तपासणीत पास होण्यासाठी, हेच ते कारण शोधण्याच्या भरात विसरले होते. ते पायरीवर बसले. आतून भानुमतीबाईंच्या कात्रीचा आवाज येत होता. त्या सगळ्या शर्टांच्या, धोतरांच्या आणि कोटाच्याही खुणा कापून काढत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिव्हिल सर्जनच्या खोलीबाहेर शरच्चंद्र उभे होते ते असे: शर्टाला मानेमागे खिडकी, धोतराच्या टोकाला खिडकी, त्यावर बंद गळ्याचा कोट, कोटालाही आतून ठिगळ, आणि डावा हात बाहीत मावेना म्हणून बाही कोपरापर्यंत उसवलेली. चपराशानं त्यांच्याकडे दयेनं पाहून आत सोडलं.

साहेब इंग्लंडातून येऊन वर्षही झालं नव्हतं. तांबडा चेहरा, टेबलावर कागद, हातात टाक. "कपड़े उतारो," तो कागदावरून डोळे न काढता म्हणाला. मग त्यानं डोळे वर केले आणि आधी हात पाहिला, मग वळायला सांगून मान पाहिली, मग खुर्चीवर ठेवलेला खिडकीचा शर्ट पाहिला.

"खारिश?"

"नहीं, साहब."

"तो ये क्या है? दफ़्तर में और लोग बैठते हैं. मैं फ़िट कैसे लिखूँ?"

टाक दौतीत बुडाला. शरच्चंद्रांना तो टाक कागदावर उतरताना दिसत होता. त्यांनी रात्रभर पाठ केलेलं हिंदुस्थानी भाषण एका शब्दानंही आठवेना. आणि तेवढ्यात त्यांनी एक गोष्ट पाहिली. साहेबानं लिहिण्याआधी हनुवटी वर केली, डोकं मागे टाकलं आणि छताकडे बघत मान कडक कॉलरवर हळूच डावी-उजवीकडे फिरवली. असं करताना माणूस विचार करतो आहे असं बघणाऱ्याला वाटतं. शरच्चंद्रांना वाटलं नाही. महिनाभर कचेरीत त्यांनी स्वतः दुसरं काय केलं होतं?

दहा वर्षांत त्यांनी कुठल्याही साहेबाला त्यानं विचारल्याशिवाय एक वाक्यही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं.

"साहब, आपकी गर्दन खुजलाती है. पीछे, कॉलर के नीचे. रात को नहीं, दिन में."

टाक थांबला. दारातला चपराशी भिंतीला टेकला.

"तुमको किसने बोला?" साहेब सावकाश म्हणाला. "यहाँ की गर्मी है."

"गर्मी नहीं है, साहब. कॉलर निकालिए."

पुढे कित्येक वर्षं तो चपराशी ही हकीकत सांगताना दर वेळी इथं थांबून पाणी पीत असे. उघड्या अंगाचा, एका हाताचा भोपळा झालेला, धोतराला भोक असलेला मराठी बाबू जिल्ह्याच्या मोठ्या डॉक्टरला कॉलर काढ म्हणत होता, आणि साहेबानं काढली. बटणं सोडवून ती उलटी केली. आतल्या बाजूला, नेमक्या मध्यावर, दोन रेघा आणि एक तिरपी. शरच्चंद्रांनी अदबीनं वाकून साहेबाची मान पाहिली. गोऱ्या कातडीवर फारच स्पष्ट उमटली होती.

मग त्यांनी सगळं सांगितलं. बिब्बा, ज्याला तिवारीजी भिलावा म्हणत. तो सुईनं टोचून धोबी खूण कशी घालतो. तीन धोबी, तीन खुणा. उजव्या हातावर खळ, डाव्यावर बिब्बा. साहेबानं दोन्ही हात खिडकीशी नेऊन शेजारी शेजारी धरून पाहिले. बराच वेळ पाहिले. शेवटी त्यानं स्वतःच्या मानेला हात लावला आणि मोठ्यानं हसला.

"मैंने तीन मरहम बदले," तो म्हणाला. "कॉलर का नहीं सोचा. तुम होशियार आदमी हो, बाबू. ये तुमने ढूँढा?"

आता इथं शरच्चंद्रांना 'जी साहब' म्हणता आलं असतं. महिनाभर शोध त्यांचाच चालला होता, चिरायता त्यांनीच प्यायला होता, हात त्यांचाच फुगला होता. त्यांच्या मनात तसं क्षणभर आलंही.

"जी नहीं," ते म्हणाले. "मेरी पत्नी ने. मैंने केवल पुरावा किया."

साहेबानं कागदावर एक शब्द लिहून सही ठोकली. शब्द इंग्रजी होता आणि तीनच अक्षरांचा होता, पण शरच्चंद्रांना तो वाचायला दोन वेळा डोळे पुसावे लागले.

चाळीत बातमी त्यांच्याआधी पोचली होती. ते आले तेव्हा अंगण भरलेलं होतं. चहा सोडल्याचा गुण आला असं मास्तर चारचौघांना सांगत होते. तिवारीजींच्या मते चिरायत्यानं रक्त साफ झालं होतं आणि गंधकानं उरलंसुरलं काढलं होतं. शरच्चंद्रांनी घसा साफ केला. खरं कारण काय, ते लोकांना नीट समजावून द्यायलाच हवं होतं. "मंडळी, मुळात असं आहे की," त्यांनी सुरुवात केली, आणि दारात उभ्या भानुमतीबाई दिसल्या. त्या पुढे आल्या नव्हत्या. नुसत्या बघत होत्या. शरच्चंद्रांनी व्याख्यान तिथंच सोडलं आणि घरात गेले.

"झालं," ते म्हणाले. "पक्कं झालं."

भानुमतीबाई तशाच वळल्या. आतल्या खोलीत जाऊन त्यांनी कोपऱ्यातली ट्रंक उघडली आणि एक-एक वस्तू बाहेर काढायला लागल्या. लग्नातला शालू, पितळी समई कागदात गुंडाळलेली, बोहारणीला न दिलेली दोन चांगली लुगडी, माहेरचा आरसा. शरच्चंद्र बघत राहिले. यातली एकही गोष्ट त्यांनी या घरात कधी बाहेर पाहिली नव्हती.

"हे सगळं आत काहून होतं इतकी वर्षं?"

"दर मार्चला तुमचा हुकूम येईस्तोवर जीव थाऱ्यावर नसायचा," त्या समईवरचा कागद काढत म्हणाल्या. "नाही आला तर वर्ध्याला जावं लागलं असतं. काढायचं आणि पुन्हा भरायचं कोण? म्हणून भरलेलंच ठेवत होते."

दहा वर्षं एकाच छपराखाली राहून शरच्चंद्रांना हे माहीत नव्हतं. मुळाशी जाणारे म्हणून स्वतःला समजणाऱ्या माणसाला हे फार लागलं. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. हुंदका आवरून त्यांनी विचारलं, "मग मला कधी बोलल्या का नाहीत?"

"बोलून काय झालं असतं? तुम्ही लिहून राहिले होते ना अर्ज." भानुमतीबाईंनी लुगडी मांडीवर घेतली, खोलीभर नजर फिरवली, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच नवऱ्याकडे काहीतरी मागितलं. "आता मला एक कपाट पाहिजे."

"इतकी वर्षं मागितलं असतं तर घेतलं असतं की!"

"टेंपरवारी माणसाजवळ कपाट काय मागायचं?"

शरच्चंद्रांनी उसवल्या बाहीचा कोट पुन्हा चढवला. बाहेर अंगणात मास्तर आणि तिवारीजी अजून चहा आणि चिरायत्यावर भांडत होते. त्यांच्यामधून वाट काढत दोघं नवरा-बायको भर उन्हात गोलबाजारात कपाट बघायला गेली.